खांबावरची रेघ

जालन्यातल्या त्या बागेच्या फाटकाशी एका खांबावर लाल रेघ ओढलेली आहे. ज्याचे डोके रेघेखाली राहील, त्या लेकराला तिकीट पडत नाही. बांधकामावर विटा वाहणारी एक बाई दर रविवारी दोन लेकरांना घेऊन तिथे येई आणि फक्त स्वतःचे तिकीट काढी. मोठी मुलगी खांबाला टेकताना झग्याआड गुडघे वाकवी. रांगेत मागे उभा राहून मी ते पाहत असे.

परवा पहारेकरी म्हणाला, "बाई, पोरीला सरळ उभी करा."

"मागच्या आइतवारी रेघंखाली बराबर बसत होती की, दादा!"

"तवा उपाशी असंल."

रांग हसली. मुलगी सरळ झाली आणि डोके रेघेवर गेले. बाईने आपले तिकीट तिला दिले, धाकट्याचे बोट तिच्या हाती दिले आणि स्वतः कुंपणाबाहेर बसली.

"लेकरू वाढलं की लोकं खुष होतेत, काका," ती मला म्हणाली. "मला धास्ती पडती."

तिचे तिकीट मी काढतो, एवढेच म्हणायचे होते. शब्द जुळेपर्यंत रांगेने मला आत ढकलले. आत ती मुलगी मुठीत तिकीट धरून, अजूनही गुडघे वाकवूनच घसरगुंडीकडे चालली होती.