सेनापतीच्या रजेचा अर्ज

मी आठ महिने एका राज्याचा सेनापती होतो आणि घरात कुणालाही ते माहीत नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. राहायला बदलापूरला बेलवलीत, नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत, आणि राज्य उल्हासनगरात, एका सिंधी शेठच्या सायबर कॅफेत. (त्याला शेठ म्हटलं नाही तर कॉम्प्युटर हँग व्हायचा.) ईमेलच्या एका ग्रुपवर पंधरा-वीस अनोळखी माणसं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. कुणी राजा, कुणी हेर. चित्र नाही, आवाज नाही. जे लिहाल ते घडलं. मी होतो सूर्यवंशी सेनापती रणधीर. खरं नाव सांगायचं नाही, हा नियम मला फार आवडला होता. आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा बदलतो का, हे बघत बसावं लागत नव्हतं.

दुसरा नियम वाईट होता. आठवडाभर लिहिलं नाही तर पात्र मेलं.

शत्रुराजाने आमच्या किल्ल्याला वेढा घातला आणि त्याच आठवड्यात मला कावीळ झाली. सहाव्या दिवशी लाज सोडून मी बाबांना हाक मारली.

बाबा सत्तावीस वर्षं एका कंपनीत टायपिस्ट होते. कंपनी बंद पडून वर्ष झालं होतं. तेव्हापासून दाढी वाढवून खिडकीशी बसायचे, दिवसाला चार वाक्यं बोलायचे. मी त्यांना सगळा खेळ समजावला आणि कॅफेतून पाठवायचा मजकूर लिहिलेला कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, ‘भ्याडा, रणधीर जिवंत असेपर्यंत किल्ल्याचा दगडही हलणार नाही!’

बाबांनी दोनदा वाचलं.

“तारीख नाही. विषय नाही.”

“बाबा, युद्ध चाललंय.”

“मग तर लेखी नीट पाहिजे.”

दोन तासांनी परत आले. “गेलं. मजकुरात किरकोळ दुरुस्ती केली,” म्हणाले आणि स्थळप्रत माझ्या उशाशी ठेवली.

‘मा. शत्रुराजे यांस, सप्रेम जयभीम. विषय: युद्धास गैरहजर राहण्याबाबत. माझा मुलगा आपल्याविरुद्ध सेनापती म्हणून कार्यरत असून त्यास कावीळ झाली आहे. तरी युद्ध एकवीस दिवस पुढे ढकलावे, ही विनंती. डॉक्टरांचा दाखला मागणी होताच सादर करू.’ खाली माझं नाव, त्यांचं नाव, आडनावासकट, आणि बेलवलीचा पत्ता.

“सगळं सांगून टाकलंत?”

“निनावी पत्राला कुणी उत्तर देत नाही,” बाबा म्हणाले.

मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. सूर्यवंश बुडाला होता. आता ग्रुपवर हसतील, हाकलतील, असं वाटून रडूच आलं. (सेनापतीने रडू नये, पण काविळीत चालतं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दाढी केली. वर्षाने. इस्त्रीचा शर्ट घातला.

“कुठं निघालात?” आईने विचारलं.

“पत्र गेलंय. उत्तर बघायला नको?”

उत्तर आलं होतं. बाबांनी ते छापून घरी आणलं आणि उभं राहून वाचलं. ‘सप्रेम जयभीम, काका. मी नागपूरचा. इथे हे लिहायची माझी आजवर हिंमत झाली नव्हती. वेढा एकवीस दिवस स्थगित. सेनापतींना उसाचा रस द्या.’

आईने ते परत एकदा वाचायला लावलं. मी पुन्हा भिंतीकडे वळलो. या वेळी मला बरं वाटत होतं, आणि स्वतःची लाजही वाटत होती.

पुढचे वीस दिवस बाबा रोज साडेनऊला डबा घेऊन निघत. त्यांचं पत्र सगळ्यांनाच आवडलं होतं. कुणाला तह करून हवा होता, कुणाला राजद्रोहाची कारणे दाखवा नोटीस. बाबा कीबोर्डच्या किल्ल्यांकडे न बघता टाईप करायचे, म्हणून शेठ चहा पाजून गिऱ्हाइकांना दाखवायचा. घरी आले की जेवता जेवता दोन्ही राज्यांच्या बातम्या सांगायचे. वर्षभराचं बोलणं साठलेलं होतं.

बाविसाव्या दिवशी मी तलवार परजत कॅफेत गेलो आणि अशी आरोळी लिहिली की शत्रूचे हत्ती पळावेत. लगेच उत्तर आलं, शेजारच्याच कॉम्प्युटरवरून.

‘दोन्ही राज्यांचे मुख्य सचिव यांजकडून. आपण रजेवरून हजर झाल्याचे या कार्यालयास कळविलेले नाही. सबब आरोळी ग्राह्य धरता येत नाही. रीतसर अर्ज करावा.’

मी वळून पाहिलं. बाबा स्क्रीनवरून नजर काढेनात.

सूर्यवंशी सेनापती रणधीरने तलवार बाजूला ठेवली आणि अर्ज केला. पहिला अर्ज विषय नाही म्हणून परत आला.