समारोप आणि आभार

तिसऱ्या वर्षाला आम्हाला गटाने प्रकल्प करायचा होता. सरांनी विषय दिला: सहिष्णुता, तीन साहित्यकृतींमधलं समान सूत्र. गटात आम्ही तिघं. घाटकोपरची एक मैत्रीण, मुलुंडचा एक मुलगा आणि वेसाव्याची मी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सूत्र म्हणजे नेमकं काय शोधायचं, हे विचारायलाही मला लाज वाटली. म्हणून मी तिन्ही पुस्तकं दोनदा वाचली.

कादंबरीत एक घरमालक दुसऱ्या धर्माच्या माणसाला खोली भाड्याने देतो. नाटकात सासू दुसऱ्या जातीची सून घरात घेते. दीर्घकवितेत एक गाव भटक्यांना आपल्या विहिरीवर पाणी भरू देतं. दुसऱ्या वाचनात मला एक गोष्ट दिसली. शेवटच्या पानांवर तो भाडेकरू, ती सून, ते भटके, सगळे आभार मानतात. त्या घरात, त्या विहिरीवर त्यांना काय सोसावं लागलं, हे कुठेच नाही. मी चुकतही असेन. पण माझं मला सुचलेलं हे पहिलंच होतं, आणि ते मला वर्गासमोर बोलायचं होतं.

काम मैत्रिणीच्या घरी करायचं ठरलं. आई म्हणाली, "पहिल्यांदा जातेस, रिकाम्या हातानं जाऊ नको गो बाय." तिने बरणीतले सोडे काढले. कोलंबी सोलून उन्हात वाळवली की सोडे होतात. आई बाजारात मासळी विकते, पण हे सोडे विकत नाही. ते जावयासाठी, व्याह्यांसाठी. सोलताना कोलंबीचे काटे तिच्या बोटांत जातात आणि मग आठवडाभर ठणकतात. मैत्रीण कॅन्टीनमध्ये रोज चिकन रोल खायची. त्यामुळे मीही दुसरा विचार केला नाही.

दार तिच्या आईने उघडलं. मी पुडी पुढे केली. "काकू, आईने सोडे दिलेत."

काकू एक पाऊल मागे सरकल्या. "अगं बाई! आम्ही काही मानत नाही हं. पण या बिल्डिंगमध्ये चालत नाही गं."

"यार, तू पण ना!" मैत्रीण आतून ओरडली. "मी बाहेर खाते, घरी नाही! मम्मी, ते बाहेरच ठेव."

मुलगा हसत म्हणाला, "सहिष्णुतेची प्रॅक्टिकल परीक्षा घेतेय ही."

पुडी बाहेर चपलांच्या रॅकवर गेली. आम्ही कामाला बसलो. काकूंनी आधी एक अगरबत्ती लावली, मग दुसरी. आम्ही तिसरी स्लाइड करत होतो तेव्हा इंटरकॉम वाजला.

"नाही हो, आमचं नाही," काकू म्हणाल्या. "हिची मैत्रीण आलीये, कोळ्यांची. हो हो, जाईलच ती आता."

मी मान खाली घालून टाइप करत राहिले.

निघताना काकूंनी पुडी परत दिली. पिशवीत पिशवी, तिच्यावर आणखी एक पिशवी, तीही दोन बोटांत धरलेली. "राग मानू नकोस हं. आईला सांग, आवडले म्हणून."

मेट्रोच्या जिन्याखाली कचऱ्याचा डबा होता. त्यात मी ती टाकली. घरी आईने विचारलं, "आवडले?" मी म्हटलं, "खूप आवडले."

पुस्तकांबद्दल मला सुचलेलं मी ग्रुपवर लिहून पाठवलं. मैत्रिणीचं उत्तर आलं, "निगेटिव्ह वाटतंय गं. सरांना नाही आवडणार." मुलाने लिहिलं, "तू समारोप आणि आभार घे. सोपं आहे, जमेल तुला." मी हो म्हटलं. समारोपात बोलता येईल, असं मला वाटलं.

सादरीकरणाच्या दिवशी मैत्रीण छान बोलली. मग स्लाइडवर नसलेलं बोलायला लागली. "सहिष्णुता पुस्तकातच असते असं नाही. आमच्याकडे एक मुलगी सुकी मासळी घेऊन आली, आमच्या व्हेज बिल्डिंगमध्ये." मागून "ईऽऽ" झालं. कोणीतरी विचारलं, "कोण रे?" आणि मुलुंडच्या मुलाने माझ्याकडे बघून हसू दाबलं. तेवढं पुरलं. सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला.

"मम्मीने तिला घरात बसवलं, चहा दिला, एका शब्दाने दुखावलं नाही."

"जिवंत उदाहरण," सर म्हणाले. "उत्तम."

माझी पाळी आली. कागदावर माझी चार वाक्यं होती. मी पहिल्याचा पहिला शब्द उच्चारला असेन, तेवढ्यात सरांनी घड्याळ बघितलं. "समारोप राहू दे. आभार माना फक्त."

मी सरांचे आभार मानले. वर्गाचे मानले. मैत्रीण माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "आणि ज्यांनी आम्हाला घरी बसून काम करू दिलं, त्या काकूंचे." टाळ्या पडल्या. कागद मी खिशात ठेवला.

संध्याकाळी घरी आले तर आई ओट्यावर कोलंबी सोलत होती. समोर मोठी परात, अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"एवढी कोणासाठी?"

"तुझ्या त्या मैत्रिणीच्या आईला. आवडले ना तिला?"

"आई, नको गं. राहू दे."

"तू गप. परक्या बाईनं तुला घरात बसवून घेतलं, एवढं तरी नको?"