अकरा ढेपा आणि एक बोर्ड

रविवार, १५ डिसेंबर २०२४, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. तापीकाठच्या जत्रेत, देवळामागच्या लोखंडी तुळईला साखळ्यांनी टांगलेल्या दोन पारड्यांपैकी एकात मी मांडी घालून बसले होते. दुसऱ्यात माझ्या आईने आणलेल्या गुळाच्या अकरा ढेपा होत्या, प्रत्येकी पाच किलोंच्या. तोलणाऱ्याने माझे पारडे पायाने दाबून धरले होते. त्याने पाय काढला की दोन्ही पारडी थोडी हेलकावतील, एका पातळीत येतील, मग आई पिशवीतला सव्वा किलो गूळ शुभ म्हणून वर ठेवील आणि नवस फिटेल, असे ठरलेले होते. त्याने पाय काढला. गुळाचे पारडे जमिनीवरच राहिले आणि मी रांगेतल्या माणसांच्या छातीइतक्या उंचीवर जाऊन लोंबकळू लागले.

"ताई, बठनी का आजून बठनं बाकी शे?" तोलणाऱ्याने विचारले.

रांग हसली. आई हसली नाही. तिने आधी गुळाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

तिचा नवस दोन वर्षांपूर्वीचा होता. बर्फाच्या थरांचा अभ्यास करण्यासाठी हिमाचलातल्या एका संशोधन केंद्रात माझी निवड झाली, तेव्हा आमच्या अख्ख्या ब्राह्मणपुरी गावात बर्फ पाहिलेले माणूस मिळाले नाही. आईने मग देवालाच गाठले. "मन्ही पोर बर्फामातून धडधाकट घर येऊ दे, तिन्हा भारंभार गूय वाहसू," असे ती बोलली. यंदा मला जत्रेच्या सुमारास रजा मिळाली. तिने नोव्हेंबरमध्येच फोन करून माझे वजन विचारले, कारण इतका गूळ आधी सांगून ठेवावा लागतो. मी पंचावन्न सांगितले. हा आकडा मी तिच्यासाठी शोधलेला नव्हता. दोनच दिवसांपूर्वी तो मी दुसऱ्या एका माणसाला सांगून बसले होते, आणि तोंडी तयार होता.

तो माणूस बोर्ड विकणारा होता. आमच्या केंद्रापासून तीन तासांवर त्याचे भाड्याने साहित्य देण्याचे दुकान आहे. एका परदेशी पाहुण्याने मागे सोडलेला, वापरलेला अल्पाइन कार्व्हिंग बोर्ड त्याने विकायला काढला होता. हा बोर्ड नेहमीच्या स्नोबोर्डपेक्षा अरुंद, लांब आणि ताठ असतो. पायांत कडक बूट असतात, दोन्ही पावले पुढच्या दिशेला वळलेली असतात, आणि तो घसरत, बर्फ उडवत वळत नाही. तो कडेवर कलतो, धनुष्यासारखा वाकतो आणि आपल्या वाकाच्या मापाचे वळण बर्फात कापत जातो. मागे उरते ती पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक रेघ. पहिल्या हिवाळ्यात एका उतारावर मी तशी रेघ पाहिली आणि गुडघ्यांवर बसून तिची खोली मोजली. दोन हिवाळे भाड्याच्या मऊ बोर्डावर शिकण्यात घालवले. जे मला कागदावर मांडता येत होते, ते मला पायाखाली हवे होते.

विकणाऱ्याला मी बोर्डाच्या प्रकृतीविषयी काही विचारायचे शिल्लक ठेवले नाही. कडा किती झिजल्या आहेत, थर कुठे सुटले आहेत का, बूट अडकवायच्या बाइंडिंगच्या स्क्रूंची भोके सैल झाली आहेत का. सपाट फरशीवर बोर्ड ठेवून मधल्या कमानीखालून उजेड दिसतो का, याचा व्हिडिओ मागवला. उजेड दिसला. त्याने गुडघ्याने कमान दाबली आणि सोडली, ती पूर्ववत उसळली. बोर्ड निरोगी होता. त्याने मला एकच गोष्ट विचारली.

"मैडम, आपका वजन?"

"पचपन."

"पक्का? पचास के नीचे मैं नहीं देता. पिछले साल एक को दिया था, मुड़ा ही नहीं. सीधा जाली में."

त्याचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते, आणि ते मला त्याच्याहून नेमक्या शब्दांत सांगता आले असते. ताठ बोर्डाला वाकवायला भार लागतो. भार अपुरा असेल तर तो कडेवर कलूनही वाकत नाही. वाकला नाही तर वळत नाही, आणि फळीसारखा नाकासमोर जातो. हे ठाऊक असूनही मी मनाशी एक युक्तिवाद रचला: वजन कमी असले तरी वेग वाढवता येतो, आणि वळणातला दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सूत्र चुकीचे नव्हते. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीने ते माझ्यापुढे ठेवले असते, तर त्या वेगाने वळण साधलेच नाही तर थांबायला किती उतार लागेल, तेही काढून आण, असे सांगून मी तिला परत पाठवले असते.

तेव्हा माझे खरे वजन किती होते, हे मी पाहिलेच नव्हते. पन्नासच्या खाली आहे, एवढे कपड्यांवरून कळत होते. बोर्डासाठी पैसे बाजूला पडावेत म्हणून पावसाळ्यापासून मी मेसमधले रात्रीचे जेवण बंद केले होते. घरी सांगत होते की जेवण उत्तम असते.

तर, जत्रेत मी अधांतरी होते. माझी फुई, म्हणजे वडिलांची बहीण, सोबत आली होती. कारखान्याची ऊसतोड नेमकी त्याच दिवशी आल्याने वडील शेतात अडकले होते, आणि त्यांच्या वाटची थट्टा करण्याचे कामही तिच्याकडे आले होते.

"काय व वहिनी, पोर तोली ऱ्हायनी का पापड?"

रांग पुन्हा हसली.

"एक ढेप काढी लेऊ का, माय?" तोलणाऱ्याने आईला विचारले.

"काढ."

त्याने ढेप उचलून बाजूच्या पाटावर ठेवली. माझे पारडे हलले नाही.

"आजून?"

"काढ."

दुसरी ढेप निघाली. पारडे थोडे थरथरले, पण गूळ जमिनीवरच होता. मागे उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईने आईला हळूच, खऱ्या काळजीने विचारले, "सासरले शे का पोर?"

तिला काय म्हणायचे होते ते तिथल्या प्रत्येक बाईला कळले. लग्न करून दिलेली मुलगी अशी वाळून आली, की तिच्या ताटाविषयी विचारले जाते. आईने मान न वळवता उत्तर दिले, "नहीं. नोकरीले शे."

अशा शरमेची मला पूर्वकल्पना नव्हती. आपले खोटे उघडे पडेल, लोक हसतील, एवढीच भीती मी त्या क्षणापर्यंत धरली होती. पण निघणारी प्रत्येक ढेप माझ्या नावावर जमा होत नव्हती. ती आईच्या चुलीवर आणि तिच्या दोन वर्षांच्या बोलण्यावर ठपका ठेवत होती, आणि ढेपा काढायची परवानगी तिलाच द्यावी लागत होती.

तिसरी ढेप निघाली तेव्हा मी एकदम खाली आले आणि पारड्याचा तळ जमिनीवर आपटला. आता गूळ कमी झाला होता. फुई समोरच्या दुकानातून किलोच्या आणि पाव किलोच्या भेल्या घेऊन आली. तोलणारा एकेक भेली ठेवत गेला. तीन मोठ्या आणि दोन लहान भेल्यांनंतर काटा मधोमध उभा राहिला. चाळीस, अधिक तीन, अधिक अर्धा. माझ्या अंगावर जरीची साडी होती, शाल होती, आईने सकाळी माझ्या गळ्यात घातलेली तिची सोन्याची पोत होती. दोन पारड्यांचा तराजू समुद्रसपाटीपासूनची उंची बदलली म्हणून चुकत नाही, आणि त्याला बॅटरी लागत नाही. दोष द्यायला काहीच उरले नव्हते.

आईने पिशवीतला सव्वा किलो गूळ वर ठेवला, हात जोडले, आणि पुजाऱ्याला विचारले, "मी धडधाकट बोलेल व्हतं. हाई धडधाकट शे का?"

"आणली ना माय देवापुढे? झालं तर मग," पुजारी म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

पाटावर काढलेल्या तीन ढेपा घरी न्याव्यात, असे फुईचे मत पडले. गूळ चांगला होता, पंधरा किलो होता. आईने ऐकले नाही. तिने त्या एकेक करून स्वतः उचलून देवापुढच्या राशीत नेऊन ठेवल्या. मी मदतीला हात पुढे केला, तर कोपराने बाजूला सारला. शेवटची ठेवताना ती देवाशी बोलल्यासारखी बोलली, पण ऐकायला मीच जवळ होते.

"पुढला साले हिन्हं पारडं खाले येऊ दे."

शहाद्याकडे परतताना काळीपिवळी जीपमध्ये आम्ही तिघी मागच्या बाकावर दाटीने बसलो. जत्रेतल्या घोड्यांच्या बाजाराची धूळ मागे पडली. मग आई म्हणाली, "खरं सांग. काय खास-पेस तू तठे?"

तज्ज्ञांपुढे प्रश्नोत्तरे देण्याची मला सवय आहे. प्रश्न पुन्हा मांडावा, त्याचे भाग पाडावेत, ज्ञात भागापासून सुरुवात करावी. तिथे यातले काही जमले नाही. मी रात्रीच्या जेवणाचे सांगितले, आणि ते कशासाठी बंद केले तेही सांगितले.

"कसानी फळी?" फुईने विचारले.

"बर्फावर चालवायची."

"आनि तोपावत काय फळी खाईसनी पोट भरशी का व?"

पुढे बसलेला चालक आरशातून पाहून हसला. आई बाहेर केळीच्या बागांकडे पाहत होती.

"मी समदासले सांगत ऱ्हायनू, पोर मजामा शे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तोलनारालेबी सांगं सकायले. पंचावन्ननी शे म्हने."

मी तिला बोर्डाविषयी सांगू लागले. तो किती दुर्मीळ आहे, किती चांगल्या स्थितीत आहे, आज सायंकाळपर्यंत पैसे पाठवले नाहीत तर तो दुसऱ्याला जाईल. पन्नास किलोंच्या आतल्या माणसाला विकणारा तो देत नाही, हेही सांगून गेले. का सांगितले ते मला अजून कळत नाही. कदाचित त्याची सचोटी दाखवायची असेल.

आईने पहिल्यांदाच मान माझ्याकडे वळवली.

"मंग त्यालेबी पंचावन्नच सांगं का?"

मी खिडकीची काच वर करण्याचा प्रयत्न केला. ती अडकलेली होती.

"देवले पंचावन्न, त्याले पंचावन्न," फुई पुटपुटली. "एक मानूस ते सोडायनं व्हतं."

घरी पोहोचलो तेव्हा अंगणात दिवसभर वेचलेल्या कापसाचे वजन चालले होते. मजुरीचा हिशेब वेचलेल्या किलोवर होतो, म्हणून हंगामात इलेक्ट्रॉनिक काटा अंगणातच मांडलेला असतो. मी चार दिवस त्याला वळसा घालून जात होते. बायका आपापली मजुरी घेऊन गेल्या. आईने काट्यावरचे कापसाचे पुंजके हाताने झटकले आणि मला बोलावले. शाल काढून घेतली. पोत काढून स्वतःच्या गळ्यात घातली. "जाय, साधं काही नेसीसन ये," म्हणाली. मी घरातला कॉटनचा ड्रेस घालून आले आणि काट्यावर उभी राहिले. लाल आकडे वरखाली झाले आणि स्थिरावले. आईने ते वाचले, पण मोठ्याने उच्चारले नाहीत. ती स्वयंपाकघरात गेली आणि तवा ठेवल्याचा आवाज आला.

पैसे माझ्या खात्यात तयार होते. विकणाऱ्याचा संदेश आला होता: बोर्ड बांधून ठेवला आहे, बस पैसे पाठवा. मला हवे असते तर त्याला काहीच कळले नसते. बोर्ड आला असता. जानेवारीत मी त्याच्यावर उभी राहिले असते, त्याला कडेवर कलवले असते, आणि तो सरळ गेला असता. देवळातला साडेत्रेचाळीसचा आकडा पाठवला असता तरी सौदा मोडलाच असता, म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीने दोन आकड्यांमधल्या फरकाला काही अर्थ नव्हता. पण त्या आकड्यात साडीची जर होती, लोकर होती आणि आईचे सोने होते.

मी ओट्यावर बसले. आतून आई "ये जेवाले" म्हणून एकदा हाकारून गेली. मी लिहिले की बोर्ड कृपया दुसऱ्याला द्यावा, माझे वजन मी चुकीचे सांगितले होते. हे 'चुकीचे' खोडले आणि 'खोटे' लिहिले. त्याच्याखाली, वेगळ्या ओळीत, अंगणातल्या काट्याचा आकडा टाकला आणि पाठवला.

४२.३५