येताना एक धोंडा आणा

अप्पांच्या घरी जायचं तर हातात धोंडा घेऊन जावं लागे. भांडायला नव्हे, चहा प्यायला! दारात उभं राहिलं की अप्पा आधी हाताकडं बघत, मग तोंडाकडं. "कुठल्या गावचा?" हा प्रश्न पाहुण्याला नसे, धोंड्याला असे. वाशीचा, येडशीचा, पार बार्शीचा असला की स्वारी खूश. एखादा आळशी सोयरा गल्लीतलाच दगड उचलून आला, तर तो उलटासुलटा करून म्हणत, "हा आमचाच हाय, ह्याला म्या वळखतो. परगावच्या माणसानं परगावचा आणावा." चहा मात्र त्यालाही मिळे, उगाच खोटं कशाला बोलू.

हे वेड लागलं कसं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि मी नुकतीच सासरी. आमचे हे येरमाळ्याच्या शाळेत मास्तर. अप्पांचं पुढं किराणा दुकान, मागं घर, आणि त्यातल्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू. गल्लीतली बाकी घरं दगडमातीची, हे एकटंच भाजक्या विटांचं. अप्पांच्या वडिलांनी हौसेनं बांधलेलं. हौस विटांतच संपली असावी, कारण पाया भरताना म्हाताऱ्यानं हात आखडला होता. त्यात आमच्याकडची काळी माती, उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसाळ्यात फुगणारी. मागची भिंत दरसाल थोडी थोडी खचत चालली होती.

अप्पांना ते कबूलच नसे. "घर बसतंय, पडत न्हाय. उमर झाली की माणूस बी बसतंच की," असं त्यांचं ठरलेलं उत्तर. भिंतीला चीर गेली तिथं त्यांनी दुकानातलं कॅलेंडर टांगलं. पुढच्या वर्षी चीर कॅलेंडराबाहेर डोकावू लागली, तेव्हा मोठं कॅलेंडर आणलं. त्यांची बायको, आम्हा सगळ्यांची अक्का, कपाळाला हात लावून म्हणाली, "आता पुढल्या साली काय सतरंजी टांगता व्हय?"

त्यांचा मुलगा सोलापूरला गिरणीत होता. तो एकदा आला, त्यानं कॅलेंडर बाजूला करून चिरेत हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला. "अप्पा, ही भिंत यंदाचा पावसाळा काढत न्हाय. मृगाच्या आत पाया झाला तर बरं. न्हाय तर घर मोडायचं, आन तुमी दोघांनी सोलापूरला यायचं."

अप्पांनी शब्द दिला आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं. पूर्वी ते आठवडाभर सोलापूरला राहून आले होते. "तिथं कुणी कुणाला जेवला का म्हणून इचारत न्हाय, बाई," ते मला म्हणाले. "तिथं म्या लई दिस टिकणार न्हाय." एरवी सारखं हसणारा माणूस, पण हे सांगताना हसला नाही. मला फार वाईट वाटलं.

मग गवंडीचाचांना बोलावलं. चाचांनी टाचेनं माती दाबून पाहिली आणि बजावलं, "अप्पा, हातभर खोदना, उतना भरना, फिर आगे. पूरा एकदम खोले तो दीवार गोदी में आके बैठती." एक कोपरा भरून दिला आणि चाचा भाचीच्या लग्नाला येडशीला गेले. तेवढ्यात चैत्री पुनव आली.

येडेश्वरीच्या यात्रेला अप्पांच्या मागच्या आवारात दरसाल बैलगाड्या सुटत. अप्पा गूळ-शेंगदाणे वाटत, अक्का वरण-भात वाढे. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी गाडीवाल्यांनी तो अर्धवट खणलेला चर पाहिला. "अप्पा, दरसाल तुमचं खातो, एवढं तरी करू द्या की!" झालं! कुदळी निघाल्या. अप्पांच्या तोंडाला 'नाही' हा शब्द माहीतच नव्हता. उलट तेच गूळ वाटत फिरले, "खणा लेकरांनो, खणा!" आमचे हेही धोतर खोचून त्यात. अहो, दुपारच्या आत पठ्ठ्यांनी सगळी भिंत खालून मोकळी केली!

मी धुणं घेऊन आले आणि किंचाळलेच, "चाचा काय सांगून गेले होते?" सगळे थबकले, आणि भिंत करकरली. वरून दोन-चार विटा सुटल्या. अक्का वरणाचं पातेलं घेऊनच बाहेर पळाली. गर्दी मागं सरली आणि अप्पा पुढं! त्यांनी सरळ भिंतीला पाठ लावली.

"अप्पा, सरका!"

"म्या सरकलो तर ही बी सरकंल!"

देह दांडगा खरा, पण भिंत ती भिंत. एका गाडीवाल्याला सुचलं म्हणून बरं. त्यांनी गाड्या ढकलत आणल्या, गाड्यांची जुवं भिंतीला टेकवली, चाकांमागं होते नव्हते ते धोंडे लावले आणि अप्पांना ओढून काढलं. भिंत थांबली. पण चर तसाच उघडा, आणि आता भरायला दगड नाहीत.

त्या दिवशी देवीची पालखी आमराईत जाते आणि लोक शेतातून चुनखडीचे खडे वेचून आईला वाहतात. ती सगळी माणसं गल्लीतून परतत होती. जिचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नव्हता, ती अक्का ओट्यावर उभी राहिली. "आईला खडं वाहिलं, आता एकेक धोंडा आमच्या भिंतीला वाहा! न्हाय तर म्या चालले सोलापूरला!"

लोक हसले, आणि वळले. कुणी ओढ्यातून आणले, कुणी बांधावरून. एका म्हातारीनं तर यात्रेत घेतलेला कोरा पाटाच देऊन टाकला. मी नको नको म्हणाले, तर म्हणते, "चटणी काय, खलात बी होती." दिवेलागणीला चर भरला.

चाचा परतले, तो प्रकार पाहून आधी मटकन खाली बसले आणि मग पोट धरून हसले. "ये पाया नै, जत्रा है!" मग सगळ्यांना यथेच्छ शिव्या घालून त्यांनी तेच दगड थोडे थोडे काढून चुन्यात पक्के बसवले. तोवर टेकू दिलेल्या गाड्या काढता येईनात, म्हणून गाडीवालेही अक्काच्या वरणावर तिथंच राहिले. अप्पांना दुसरी यात्राच भरल्यासारखं झालं.

मृगाला मुलगा आला. त्यानं भिंतीला खांदा लावला, जोर करून पुन्हा लावला. भिंत हलली नाही. मग पिशवी खुंटीला अडकवली आणि आईला म्हणाला, "वाढ." त्या रात्री अप्पा पोटभर जेवले.

भिंतीला लागून ओटा करायचा आणि त्यात प्रत्येक पाहुण्याचा धोंडा बसवायचा, हे खूळ तिथून सुरू झालं. "बापाच्या इटा वर हायत," ते सांगत, "पर घर लोकांच्या धोंड्यांवर उभं हाय." मीही माहेराहून, वाशीहून, धोंडा आणला होता. एसटीत कंडक्टर माझ्याकडं बघत राहिला होता.

पुढं यांची बदली झाली. अप्पा गेले तेव्हा आम्ही दूर होतो, वेळेवर पोचता आलं नाही. महिन्याभरानं एकटीच गेले. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आठवलं, हात मोकळे! तशीच वाकले आणि रस्त्यावरचा एक दगड उचलला.

अक्का दारात उभी होती. तिनं आधी हाताकडं पाहिलं.

"कुठल्या गावचा?"

मी दगड पुढं केला. तिनं तो घेतला, अगदी अप्पांसारखा उलटासुलटा केला.

"हा तर आपल्याच गल्लीतला."

"चुकलं, अक्का. पुढच्या खेपेला आणीन."

"चुकतंय कशाला, पोरी? तू काय परगावची हाईस व्हय?" असं म्हणून तिनं तो ओट्यावर ठेवला आणि चहाचं आधण टाकायला आत गेली.