घागर कोणाची

अमरावतीत कोणी नवीन भेटलं की नावाआधी गाव विचारतात. "कोन्या गावची होय तू?" माझा चेहरा इथला, मराठी मात्र स्वीडनमध्ये क्लास लावून शिकलेली. त्यामुळे माझं उत्तर ऐकायला बायका भाजी निवडायची थांबतात. मी सांगते, जन्म अकोल्याचा, तान्ही असताना दत्तक गेले, आता इथे राहायला आलेय. यावर कोणी 'बिचारी' म्हणत नाही. "मंग अकोल्यात कोन्या घरची?" असा पुढचा प्रश्न येतो. तेच तर मलाही हवंय, बाई!

चौकशीत मीही काही कमी नाही. अकोल्याच्या एसटीत बसले की एखादी मावशी, बहीण सापडेल म्हणून बायकांचे कान, हनुवट्या न्याहाळत राहते. एकदा एकीने डोळे वटारले, "काय पाहून राह्यली वं?" मी खिडकीबाहेर बघू लागले.

माझ्या घरमालकीण काकूंची भातकुलीकडे फुलशेती आहे. यंदा बाजारात आंबे दिसताच मी पिशवी भरून आणले, तर काकूंनी ती फळीवर ठेवून दिली. अक्षय तृतीयेला पितरांना रस दाखवल्याशिवाय त्यांच्या घरी आंबा खात नाहीत. पितर म्हणजे कोण कोण, ते जेवायला येतात कसे, त्यांना घर सापडतं कसं, असं विचारून मी काकूंचं डोकं खाल्लं.

सणाच्या सकाळी त्यांनी वारलेल्या सासूसासऱ्यांच्या नावाने मातीच्या घागरी पाण्याने भरून पाटावर मांडल्या. वर आंबे, पुढे पुरणपोळीचं ताट. मला हेवा वाटला, खरं सांगते. पाणी कोणाला पाजायचं हे त्यांना ठाऊक होतं. मी तडक कोपऱ्यावरून एक लहान घागर आणली, भरली आणि त्याच पाटावर ठेवली.

"हे कोनाची?" काकूंनी विचारलं.

"माझ्या आईची. जन्म दिला तिची."

काकूंनी पूजा अर्धी टाकून ती घागर उचलली. माझं टाळकंच सटकलं. "जातगोत माहीत नाही म्हणून माझ्या आईला पाटावर जागा नाही, असंच ना?"

"येडी हायस का?" काकू कडाडल्या. "थे मेली म्हनून कोनं सांगतलं तुले? जित्या मानसाची घागर भरतेत का कोनी?"

कोणीच सांगितलं नव्हतं. लहानपणापासून मीच तसं धरून चालले होते. मेलेल्या आईची वाट बघावी लागत नाही, आणि तिने आपल्याला का सोडलं म्हणून तिच्यावर रागावताही येत नाही. सोयीचं होतं ते.

पूजा आटोपल्यावर काकूंनी माझं पान वाढलं. वाटीत रस ओतताना म्हणाल्या, "असन कुठी तरी. आज तिच्याबी घरी सनच हाय. तू जेव."

मी पहिला घास घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच माझी आई जिवंत होती, कुठेतरी जेवायला बसली होती, आणि आता मला तिच्यावर रागावता येत होतं.