भूगोलबाई आणि गप्प झालेला डोंगर

भूगोलबाई कुजबुजल्या तरी दोन मजल्यांना ऐकू जायचं. दुबईत, अल मनखूलला त्या आमच्या वरच्याच फ्लॅटमध्ये राहायच्या. "अहो, गॅस बंद केलात का?" असं त्यांनी नवऱ्याला विचारलं की मी उठून आमचा गॅस बघून यायचे.

तिथल्याच ऊद मेथा भागातल्या शाळेत त्यांनी जन्मभर ज्वालामुखी शिकवला, तोही फळ्यावर. "मी पाहिलेला नाही, आणि आत काय चाललंय ते मुलांना सांगते," म्हणायच्या. निवृत्तीआधीच्या सुट्टीत त्या इटलीतल्या एका बेटावर निघाल्याच. सोबत मी आणि माझी मुलगी इरा.

तिथला डोंगर थोड्या थोड्या वेळाने धडाडायचा, लाल दगड उडवायचा. इरा दचकली की बाई म्हणायच्या, "वायू सुटतोय. सुटतोय तोवर ठीक."

आम्ही माथ्याजवळ पोचलो आणि धडाके थांबले. बराच वेळ काहीच नाही. गाइड म्हणाला, "थांबा, आता मोठा दिसेल." इरा मोबाईल घेऊन पुढे कडेला गेली.

बाई माझ्या कानाशी आल्या. "जोर ओसरला असेल, नाहीतर तोंड बुजून आत दाब वाढत असेल. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं." मग वळून म्हणाल्या, "इरा, मागे ये. आपण खाली जातोय."

"आंटी, जस्ट वन मिनिट."

"नाही."

त्यांनी तिचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. गाइडने नाराजीने आपला जोडीदार आमच्याबरोबर दिला. काळी राख पायाखालून सरकत होती. मी सारखी मागे बघत होते.

काहीच झालं नाही. वर थांबलेले लोक खुशीत व्हिडिओ दाखवत उतरले. धडाका नेहमीसारखाच झाला होता, फक्त उशिरा.

दुबईत परतल्यावर इरा कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. लिफ्टमध्ये त्या दिसल्या की कानात हेडफोन. बाईंनी आपली बाजू कधी मांडली नाही. तिच्यासाठी थालीपीठ मात्र खाली येत राहिलं.

बाईंची नोकरी संपली, तसा व्हिसाही संपला; त्या भारतात परत निघाल्या. एअरपोर्टवर इरा एकदम म्हणाली, "आंटी, दॅट डे... वर यू शुअर?"

"खात्री? नव्हती ग," बाई म्हणाल्या. "असती तर तुला नीट समजावलं असतं. नव्हती, म्हणून ओढून आणलं."

इराने त्यांच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली. पुढे फक्त प्रवाशांनाच सोडतात असं तिथल्या माणसाने दोनदा सांगितलं, तेव्हा कुठे तिने ती परत दिली.