ग्लेनिसच्या खिडक्या

पोर्ट ट्रेवेनाच्या आखातात होडी घालणारा माणूस एक वेळ बायकोला सांगायला विसरेल, पण ग्लेनिस पास्कोला आवाज द्यायला विसरणार नाही. सकाळी निघताना रेडिओवर सांगायचं : होडीचं नाव, माणसं किती, परत कधी. ती म्हणणार, "लिहिलं. आल्यावर आवाज दे." परत आलं की आवाज द्यायचा, मग ती नाव यादीतून काढणार. सांगितलेल्या वेळेवर अर्धा तास उलटला आणि आवाज आला नाही, तर बचाव बोट पाण्यात उतरलीच म्हणून समजा, मग तुम्ही पबमध्ये बिअर ढोसत बसलेले का असेनात. एकदा एका पोलीस सार्जंटने ही चूक केली, तेव्हा तिने भर रेडिओवर त्याची अशी खरडपट्टी काढली की अख्ख्या आखाताने मासेमारी थांबवून ऐकली.

एकतीस वर्षं ती हे काम फुकट करत होती. वय एकोणसत्तर. नवरा वीस वर्षांपूर्वी कॅरॅव्हॅन घेऊन क्वीन्सलंडला 'थोडं ऊन खायला' गेला तो गेलाच, आणि त्याने जाताना आवाजही दिला नाही, असं ती स्वतःच हसत सांगायची. पोस्टातली नोकरी संपली होती. उरली ती टेकडीवरची रेडिओची खोली, तिथली बूड बसलेली खुर्ची आणि आठवड्यातले चार दिवस. ते चार दिवस गेले असते तर बाकीच्या तीन दिवसांचंही काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि याची तिला खरोखर भीती वाटत होती.

त्या खोलीत तीन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर आला. कागदाची वही गेली. पडद्यावर तीन खिडक्या उघड्या ठेवायच्या : एकीत आखाताचा नकाशा, एकीत हवामान, एकीत बाहेर गेलेल्या होड्यांची यादी. होडी परत आली की यादीतल्या तिच्या ओळीवर माऊसने टिचकी मारायची, पडद्यावरच्या 'नक्की परत आली का?'ला हो म्हणायचं, की ओळ नाहीशी व्हायची. ग्लेनिस चटकन शिकली. शिव्या देत शिकली, पण शिकली.

त्या वर्षी मे महिन्यात खिडक्या गायब व्हायला लागल्या.

पहिल्यांदा झालं तेव्हा तिला हसू आलं. हवामानाची खिडकी जरा बाजूला ओढायला गेली, तर नकाशा आणि यादी दोन्ही एकदम खाली बुडाल्या. पडद्यावर नुसतं हवामान राहिलं. पाण्यावर अकरा होड्या होत्या आणि त्यातली एकही दिसत नव्हती. तिने खालच्या पट्टीवरून दोन्ही परत वर काढल्या. आठवड्याने पुन्हा तेच झालं. मग दोन दिवसांनी. मग एकाच सकाळी तीनदा, आणि तिसऱ्या वेळी ती हसली नाही. खोलीत दुसरं कोणी नसताना तिने मागे वळून पाहिलं, आणि पाहिल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

तिने डॅरिल हॉकिंगला फोन केला. डॅरिल निवृत्त भूगोल शिक्षक, बचाव पथकाचा प्रमुख, आणि गावातला त्यातल्या त्यात कॉम्प्युटर कळणारा माणूस. तो बेकरीतून दोन पेस्टी, म्हणजे खिमा भरलेल्या मोठ्या करंज्या, घेऊन आला.

"भूत शिरलंय यात," ग्लेनिस म्हणाली.

"भुताला पोर्ट ट्रेवेनाच मिळालं होय? ऊठ, बघू दे." तो तिच्या खुर्चीत बसला. खिडक्या इकडे ओढल्या, तिकडे ओढल्या. एकही बुडाली नाही. "चांगलं चाललंय की."

"माझ्या हातात चालत नाही."

"मग यंत्राचं तुझ्याशी वाकडं आहे. सगळ्या गावाचं आहे, त्यात हे एक."

"डॅरिल, ती पेस्टी सॉससकट तोंडावर मारीन हं."

तो हसला आणि सेटिंग्ज चाळायला लागला. ती सकाळचा चहा करायला वळली. किटली उकळल्यावर तिने त्याचा मग भरला आणि स्वतःचा अर्धाच भरला. हे ती बरेच महिने करत होती. का करते हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"सापडलं," डॅरिल म्हणाला. "ही मुद्दाम ठेवलेली सोय आहे बघ. खिडकीची वरची पट्टी धरायची आणि अशी गदागदा हलवायची." त्याने हलवून दाखवली आणि नकाशा, यादी दोन्ही बुडाल्या. "बाकीच्या सगळ्या आपोआप मिटतात. पसारा आवरायला. कुणाला सुचतं असलं काही, देव जाणे."

"पण मी हलवत नाही."

"हलवल्याशिवाय होत नाही गं. आणि चुकूनही होणारं नाही, चांगलं चार-पाच वेळा डावी-उजवीकडे..."

तो बोलता बोलता थांबला. तिने उजवा हात स्वेटरच्या खिशात घातला. खिशात गाडीच्या किल्ल्या होत्या, आणि त्या वाजल्या. फार नाही, पण त्या एवढ्याशा खोलीत दोघांनाही ऐकू आल्या.

तिचे बाबा गव्हाच्या जहाजांवर हमाल होते, दोन पोती एकदम उचलायचे. पासष्टीला त्यांच्या बशीत कप वाजायला लागला. मग आईने त्यांचा कप अर्धाच भरायला सुरुवात केली. घरात कोणी काही बोललं नाही. पुढची सात वर्षं कशी गेली ते ग्लेनिसने पाहिलं होतं, शेवटी तर त्यांना चमच्याने भरवलंही होतं. त्या हाताची चाल तिला पाठ होती. आता ती तिच्याच खिशात होती, आणि तिच्याआधी हे कॉम्प्युटरला कळलं होतं.

"बंद कर ते," ती म्हणाली.

"ग्लेनिस, एकदा डॉक्टरला..."

"खिडक्यांचं विचारलंय मी तुला. बंद होतं का नाही?"

"होतं. एका टिचकीचं काम आहे."

"मग मार."

त्याने मारली. पडद्यावर काहीच झालं नाही. एक छोटं बटण निळ्याचं राखाडी झालं, एवढंच.

"आणि तेही काढ," ती म्हणाली. "होडी आली म्हणून ओळ काढायला गेलं की दर वेळी मधे कडमडतं ते. 'नक्की परत आली का?' म्हणून. एकतीस वर्षांत मला हे कुणी विचारलेलं नाही."

"ते कारणाने ठेवलंय गं."

"घाईच्या वेळी दोनदोनदा टिचकी मारायची म्हणजे नाकी नऊ येतात. माझ्यावर भरवसा आहे की नाही तुझा?"

असा प्रश्न विचारला की पोर्ट ट्रेवेनात फक्त एकच उत्तर देता येतं. डॅरिलने तेही काढलं. पेस्टी न संपवताच तो गेला. जाताना दारात वाऱ्याबद्दल काहीतरी पुटपुटला.

त्यानंतर खिडक्या जागच्या जागी राहिल्या. ग्लेनिसला बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना. पूर्वी काहीतरी बुडायचं, निदान कळायचं तरी. आता पडदा शांत होता. बघून न बघितल्यासारखं करणाऱ्या पाहुण्यासारखा तो तिच्यासमोर बसून असायचा. हात थरथरला तरी काही होत नव्हतं. ती डावा हात उजव्यावर दाबून बसायला शिकली.

जुलैतला, ऐन हिवाळ्यातला तो शनिवार. सकाळी आरशासारखं पाणी होतं आणि गळाला स्क्विड भरपूर लागत होते, म्हणून चौदा होड्या गेल्या. रात्री दक्षिणेचा जोरदार वारा सुटणार असा अंदाज होता. तो दुपारी दोनलाच सुटला.

रेडिओवर एकच गलका झाला. जो तो किनाऱ्याकडे पळत होता आणि पोचल्या पोचल्या आवाज देत होता. ग्लेनिस एकेकाला उत्तर देत होती, एकेक ओळ काढत होती. दोन वीसला 'मिस बेहेव'चा आवाज आला. "आलो गं बाई एकदाचे! अंगावर कोरडा धागा नाही."

"बरं झालं, आंघोळ तरी झाली तुझी," ती म्हणाली आणि 'मिस बेहेव'वर टिचकी मारली.

तिच्या हिशेबाने तिने एकदाच मारली. हाताने दोनदा मारली. पहिल्या टिचकीला 'मिस बेहेव' गेली, खालची ओळ वर सरकून तिच्या जागी आली, आणि दुसरी टिचकी तिच्यावर बसली. 'मिसेस टी', माणूस एक, परत तीनला. ओळ गेली. नक्की परत आली का, असं कुणी विचारलं नाही. पुढचा आवाज आला होता आणि ग्लेनिस त्याच्याशी बोलत होती.

चार चाळीसला यादी रिकामी झाली. तिने रेडिओवर दिवस संपल्याचं सांगितलं, चहाचे मग विसळले, कुलूप लावलं. खिडकीची काच वाऱ्याने घुमत होती. दुकानातून दूध घेतलं. घरी जायचा रस्ता धक्क्यावरून होता. सव्वापाच झाले होते, उजेड जवळजवळ संपला होता. होड्या पाण्यात उतरवायच्या उताराशेजारी गाड्या लावायचं मैदान आहे, ते मोकळं होतं.

एक पांढरी गाडी सोडून. तिच्यामागे ट्रेलर होता. ट्रेलरवर होडी नव्हती.

ग्लेनिसने ब्रेक दाबला. गाडी लेस ट्रेझाइजची. चौऱ्याहत्तरचा म्हातारा, बायको गेल्यावर तिच्या नावाने होडी घेतलेला : 'मिसेस टी'. घरी वाट बघणारं कुणी नाही.

तिने सकाळपासूनचे आवाज आठवले. पूर्वी, वहीच्या काळात, ती ओळी मोजत नसे, आवाज मोजायची, आणि दिवस संपताना एकेक आवाज कानात पुन्हा वाजवून बघायची. आज तिने यादी रिकामी झालेली पाहिली आणि तेवढ्यावर निघाली होती. लेसचा घोगरा आवाज सकाळी एकदाच वाजला होता. संध्याकाळचा नव्हता.

कितीही आठवलं तरी नव्हता.

आणि आता खरं सांगायचं तर, त्या क्षणी ग्लेनिसच्या मनात जे आलं ते असं : आपण हे पाहिलंच नाही. दुसरं कुणीतरी पाहील. गाडी बंद पडली असेल, लेस कुणाबरोबर तरी पबमध्ये गेला असेल. परत जाऊन बोट मागवायची म्हणजे यादीत काय आहे ते दाखवायचं, यादी दाखवायची म्हणजे हात दाखवायचा, आणि मग ती खुर्ची गेली. हा विचार तिच्या मनात होता तेवढा वेळ ट्रेलरच्या साखळ्या वाऱ्याने वाजत राहिल्या. मग तिला स्वतःची शिसारी आली, आणि तिने गाडी टेकडीकडे वळवली.

"मिसेस टी, मी ट्रेवेना बेस. लेस, आवाज दे." उत्तर नाही. "लेस, आवाज दे रे." नुसती खरखर. तिने डॅरिलला फोन केला. "लेस बाहेर आहे. तीनला येणार होता."

"यादीत होता?"

"बोट उतरव, डॅरिल. बाकीचं मग सांगते."

बोट साडेपाचला उतरली. नियमाप्रमाणे ती साडेतीनला उतरायला हवी होती, लख्ख उजेडात, लाटा निम्म्या असताना. ते वाया गेलेले दोन तास ग्लेनिस रेडिओसमोर बसून मोजत होती. पावणेसातपर्यंत डॅरिल फक्त "नाही" एवढंच सांगत होता. सात दहाला तो म्हणाला, "सापडला. उलट्या होडीवर बसलाय." पुन्हा त्याचाच आवाज आला. "जिवंत आहे."

अँब्युलन्स शेजारच्या गावाहून यायची होती, चाळीस मिनिटं लागणार होती. तोवर लेसला धक्क्यावरच्या शेडमध्ये आणलं, ओले कपडे काढून चार ब्लँकेटांत गुंडाळलं. ग्लेनिस तिथे पोचली तेव्हा पथकाची सहा माणसं उभी होती. लेसचे ओठ निळे होते, पण त्याची जीभ चालू होती.

"इंजिन बंद, रेडिओ भिजला, मग एक लाट आली आणि मिसेस टीने मला टाकून दिलं. जिवंतपणी नाही टाकलं कधी." कुणीतरी हसलं. "मी काही घाबरलो नाही हां. म्हटलं, आज ग्लेनिस आहे. साडेतीनला बोट सुटणार. साडेतीन झाले, चार झाले. म्हटलं, उत्तरेला शोधत असतील. मग अंधार पडला. म्हटलं, असतील शोधत, मला दिसत नाहीयेत एवढंच." त्याने तिच्याकडे पाहिलं. "किती वेळ शोधत होता गं तुम्ही?"

ग्लेनिसने किटलीतून चहाच्या मगमध्ये पाणी ओतलं. दूध घातलं, साखर घातली, आणि तो मग काठोकाठ भरला. तो उजव्या हातात घेऊन ती सगळ्यांच्या मधून चालत गेली. चहा हिंदकळून तिच्या बोटांवर, बाहीवर, फरशीवर सांडत गेला. चहाचा मग घेऊन ती लेससमोर उभी राहिली तेव्हा तो अर्धाच उरला होता. सगळे बघत होते. डॅरिल खाली बघत होता. तिने डाव्या हाताने रेडिओच्या खोलीची किल्ली खिशातून काढली आणि डॅरिलच्या हातात दिली. त्याने ती घेतली.

"दोन वीसला मी तुला घरी आणलं, लेस," ती म्हणाली. "या हाताने. यादीतून तुझं नाव मी काढलं."

चहाचा मग धरायला लेसचे हात ब्लँकेटातून बाहेर आले होते, ते तसेच राहिले.

"म्हणजे अंधार पडेपर्यंत..." तो म्हणाला. "कुणीच शोधत नव्हतं?"

"नाही रे," ग्लेनिस म्हणाली. "कुणीच नव्हतं."